पांढऱ्या इअरबड्सना हळद लागली: १२९९ रुपयांत काय मिळालं आणि काय नाही

आधीच सांगतो, मी काही ऑडिओवाला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, राहायला मिरजेत, त्यामुळं रोज जाऊन येऊन सिटी बस, आणि बसमध्ये कानात काहीतरी असल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही. आधी नेकबँड होता, तो दोन वर्षं चालला, मग मानेजवळ वायर गेली आणि एकाच बाजूला आवाज, मग ती वायर पिळून धरली की दोन्हीकडं, मग काहीच नाही. मधले तीन महिने स्टँडवरचे शंभरवाले वायरचे आणायचे आणि तोडायचे हाच धंदा. शेवटी बायकोच म्हणाली, अहो एकदा काय ते नीट घ्या की. म्हणून हे इअरबड्स. पाच महिने झाले वापरून, म्हणजे नव्याचं कौतुकपण उतरलंय आणि मधला रागपण, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव टाकत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, उगाच कुणाची बदनामी नको आणि फुकटची जाहिरातपण नको. शिवाय हजार ते पंधराशेच्या पट्ट्यातली जी पाच-सहा खोकी मी दुकानात उलटीपालटी करून बघितली त्यांच्यावर जवळजवळ एकच मजकूर होता, त्यामुळं माझं रडगाणं बाकीच्यांनापण बऱ्यापैकी लागू पडेल.

छापील किंमत ४९९९. ही किंमत आजपर्यंत कुणी दिली असेल तर त्याचा सत्कार करायला पाहिजे. दुकानदारानं १४५० सांगितले, मी ऑनलाइनचा भाव दाखवला, त्यानं तोंड वाकडं केलं आणि १२९९ ला दिले. २०१६ साली अॅपलचे एअरपॉड्स आले तेव्हा आपल्याकडं त्यांची किंमत पंधरा हजारांच्या वर होती आणि आमच्या ऑफिसात सगळे हसले होते, टूथब्रशची मुंडी कानात घालायला पंधरा हजार म्हणून. आता तोच प्रकार आमच्या यार्डातला चहावाला पोरगा घालून फिरतो.

मी पांढरे घेतले. ही पहिली चूक. का ते पुढं येईलच.

घरी आलो, चार्जिंगची डबी उघडली, फोनला लगेच जोडले गेले, गाणं लावलं आणि तोंड पडलं. आवाज अगदी पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा, ढोलकी वाजतीय पण नुसती टिकटिक, धुम नाहीच. म्हणलं फसलो. दुसऱ्या दिवशी परत द्यायचं ठरवून झोपलो. सकाळी खोक्यात खालच्या बाजूला एक छोटी पुडी सापडली, त्यात रबराच्या टोप्या, एक जोडी लहान एक जोडी मोठी, मधल्या मापाची आधीच लावून दिलेली असते. सहज म्हणून डाव्या बाजूला मोठी लावली आणि एकदम डाव्या कानात आख्खी ढोलकी आली! उजव्याला मधलीच बरोबर बसत होती. म्हणजे माझे दोन्ही कान एका मापाचे नाहीत हे मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

हे मी एवढं सविस्तर लिहितोय कारण माझ्या मते या किमतीत सगळा खेळ या टोपीचाच आहे, बाकी ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा पडदा, १० मिलिमीटर का १३ मिलिमीटर ते नंतर. कानाचं भोक नीट बंद झालं नाही की खालचा जाड आवाज, म्हणजे बेस, सगळा फटीतनं बाहेर पळतो, वरचा तेवढा राहतो, म्हणून तो पत्र्याचा डबा. आणि बाहेरचा गोंगाट त्याच फटीतनं आत येतो, मग आपण आवाज वाढवत बसतो. बघायचं कसं, तर बड कानात घालून स्वतःच काहीतरी बोलायचं. सर्दी झाल्यावर येतो तसा आपलाच आवाज डोक्यात घुमला तर टोपी बसली. नाही घुमला तर बदला. कान जरा वर ओढून बड आत सरकवून थोडा फिरवला की अजून चांगला बसतो. लोक टोप्यांची पुडी खोक्यासकट टाकून देतात आणि मग रिव्ह्यूमध्ये बेस नाही म्हणून एक स्टार देतात.

आता बस. मिरज-सांगली सिटी बस ज्यांनी केलीय त्यांना सांगायला नको, खिडकीच्या काचा वेगळ्या सुरात, पत्रा वेगळ्या सुरात आणि इंजिन मेन गायक. दुकानदारानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, नॉइज कॅन्सलिंग हाय साहेब, बाहेरचं काय ऐकूच येणार नाही. खोक्यावर लिहिलंय ईएनसी. पहिल्याच दिवशी विश्रामबागच्या अलीकडंच कळलं की बाहेरचं सगळं ऐकू येतंय, कंडक्टरची घंटापण आणि मागच्या सीटवरचं लग्न मोडल्याची गोष्टपण. मग जरा वाचल्यावर उलगडा झाला. ईएनसी हे आपल्या कानासाठी नसतंच, ते माइकसाठी असतं, म्हणजे आपण फोनवर बोलतो तेव्हा समोरच्याला आपल्या आजूबाजूचा कालवा कमी ऐकू यावा म्हणून. आपल्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी, त्यात बाहेरचा आवाज छोट्या माइकनं टिपून त्याच्या उलटी लाट कानात सोडतात, आणि इंजिनसारख्या एकसुरी घरघरीवर ते सगळ्यात जास्त चालतं. एका अक्षराचा फरक, पण खोक्यावर मोठ्या टायपात नॉइज कॅन्सलेशन आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ईएनसी, हे काय चुकून होत नसणार. घेताना तेवढं एक अक्षर डोळे फाडून बघा.

बरं, मग कॉलला तरी ते ईएनसी कामाला येतं का? घरात, बंद खोलीत, झकास. ऑफिसात पंखा चालू, तरी चालतंय. पण यार्डात सौदे चालू असताना शेठचा फोन आला, मी बोलतोय बोलतोय, आणि शेठ म्हणतात, "आरं हाईस कुठं, हिरीत पडलास का काय?" खरंच विहिरीतनं बोलल्यासारखं जातं. माइक आपल्या कानापाशी, तोंडापासून वीतभर लांब, त्यामुळं त्याला आपला आवाज आणि हमालांचा आवाज सारखाच मोठा ऐकू येतो, आणि ते सॉफ्टवेअर गोंगाट छाटायच्या नादात आपले शब्दपण छाटतं. "दोनशे पोती" मधलं "दोनशे" गेलं तर आमच्याकडं काय गोंधळ होईल बघा. त्या दिवसापासून भावाचं आणि आकड्याचं बोलायचं असलं की बड काढून सरळ फोन कानाला.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना बिघाड वाटते, मलापण वाटली होती. गाणं चांगलं चालू असतं, फोन येतो आणि एकदम समोरच्याचा आवाज जुन्या लँडलाइनसारखा बारका होतो. तो बिघाड नाही. ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेनं येत असतो, कॉलमध्ये ऐकायचंपण आणि बोलायचंपण एकाच वेळी, म्हणून ते वेगळ्या पद्धतीनं चालतं आणि त्यात आवाजाची क्वालिटी कमी करतात. महागड्यातपण थोडंफार होतंच.

आता मिरजेत राहून मी फक्त ढोलकीवर आवाज तपासला असं सांगितलं तर लोक गावातनं हाकलतील. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर सतारमेकर गल्ली आहे, तिथले एक काका वडिलांचे दोस्त, सगळं आयुष्य तंबोरे लावण्यात गेलंय. एका रविवारी त्यांच्याकडं गेलो. ते जवारी काढत बसले होते, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला नुसती चाटून जाईल, मग तार आणि घोडी यांच्यात सुताचा एक दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबायचं, आणि बरोब्बर त्या जागी तो मधमाश्यांसारखा गुंजारव सुटतो. केसभर पुढं गेला की बंद. ते बघायलाच मजा येते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे या गावचीच वस्तू असा सरकारी शिक्का, मिळाला, पण काकांचं म्हणणं, टॅग मिळाला आणि तंबोऱ्याला लागणारा भोपळा महाग झाला.

फोनवर तानपुऱ्याचं अॅप लावलं, सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, आणि बड्स काकांना दिले. त्यांनी डोळे मिटले, मी आपला परीक्षेला बसल्यासारखा समोर. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले आणि म्हणाले, "खर्ज सुजलाय रे ह्याचा. आणि जवारी कुठाय?"

दोन वाक्यांत रिव्ह्यू संपला. मी पाच महिन्यांत जे पकडलं नव्हतं ते काकांनी अर्ध्या मिनिटात. काळी एकचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्याचा सगळ्यात खालचा सूर, साधारण ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि या स्वस्तातल्या बड्समध्ये नेमका तो खालचा पट्टा मुद्दाम फुगवून ठेवलेला असतो, डीजेची गाणी दणकून वाजावीत म्हणून. जवारी म्हणजे सगळा वरच्या स्वरांचा खेळ, तो त्या फुगवट्याखाली दबून जातो. मी तिथंच बसून कंपनीच्या अॅपमध्ये इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय, उघडला, आधीपासून लावलेला "बेस बूस्ट" काढला, खालचे दोन पट्टे चार-चार घर खाली ओढले, वरचा एक जरासा वर, आणि परत दिले. काका म्हणाले, "हां, आता जरा माणसात आलं. तरी तंबोरा न्हाई हे, तंबोऱ्याचा फोटो हाय." बड्स परत माझ्या हातात आणि ते परत दोऱ्याला लागले.

गंमत पुढं आहे. जाताना त्यांनीच सांगितलं, खाँसाहेबांचं लाव. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे मिरजकरांचे घरचेच, १९३७ साली गेले तरी मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात अजून त्यांच्या नावानं गाणं होतं. त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लावलं, आणि आवाज इतका स्वच्छ आणि जवळ की मीच चमकलो. नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचा आवाज फारसा उतरलेलाच नाही, मग फुगवायला या बड्सला काही सापडतच नाही! मधला गळ्याचा पट्टा तेवढा येतो आणि तो यांचा चांगला आहे. म्हणजे आजच्या गाण्यासाठी बनवलेली वस्तू नव्वद वर्षांपूर्वीचं गाणं जास्त इमानदारीनं ऐकवते. बातम्या, कीर्तन, भाषणं, गोष्टी वाचून दाखवतात ते ऑडिओबुक, यालापण हे एक नंबर. मी रोज जास्त करून तेच ऐकतो, त्यामुळं माझं भागतं. तुम्ही तबला-पखवाज मन लावून ऐकणारे असाल तर इक्वलायझर हलवल्याशिवाय ऐकू नका.

आता हळद. मार्चमधला सीझन, आवक जोरात, दुकानासमोर पोत्यांची थप्पी, मी वजनकाट्यापाशी पावत्या लिहितोय आणि उजव्या कानात एक बड. खाली वाकून पोत्याचा नंबर बघायला गेलो आणि बड सटकला, थेट तोंड उघड्या पोत्यात. हळकुंडांच्यात. पांढरा असूनपण दिसेना, कारण पोतं हलवलं की तो अजून खाली. हमालमामा आले, म्हणाले काय सांडलं? मी म्हणलं, कानातलं. मामांना वाटलं सोन्याचं! चौघं जण धावत आले. आख्खं पोतं ताडपत्रीवर ओतलं, आणि मामांनी बरोबर उचलून दाखवला, "ह्ये बगा, पांढरं हळकुंड." किंमत ऐकल्यावर चौघंही इतके हसले की शेठ बाहेर आले. ते पोतं परत भरून परत काट्यावर ठेवायला लागलं, त्याचं मी मुकाट्यानं केलं.

बड चालू होता, आवाजाला काही झालं नाही, पण बडच्या सगळ्या खाचांत पिवळं, टोपी तर शेंदरी म्हणावी इतकी. घरी बायको म्हणाली, आधी हळद लागली, आता बोहल्यावर कधी चढवताय? ओल्या फडक्यानं पुसलं तर अजून पसरलं. शेवटी उपाय तिनंच सांगितला, डब्याला लागलेली हळद उन्हात ठेवली की उडते ना, तसंच करा. रबराच्या टोप्या काढून साबणानं धुवून खिडकीत उन्हाला ठेवल्या, दोन दिवसांत निम्म्याहून जास्त रंग गेला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हे आमच्या यार्डात सगळ्यांना माहीत, मालच आम्ही उन्हापासून झाकून ठेवतो, पण ते माझ्या डोक्यात आलं नाही. फक्त टोप्याच ठेवायच्या हां, बड उन्हात ठेवू नका, आत बॅटरी आहे.

खरा त्रास त्यानंतर आठ दिवसांनी. उजवा बड चार्जच होईना. डबीत ठेवला की लाइट लागत नाही, सकाळी कानात घातला की डावा शंभर टक्के आणि हा मेलेला. सर्व्हिस सेंटरला गेलो, कुठल्या ते लिहीत नाही, तिथला मुलगा बडकडं न बघताच म्हणाला, पुण्याला पाठवावा लागेल, पंधरा-वीस दिवस, बिल आणि मूळ खोकं दोन्ही पाहिजे. खोकं? आमच्या पोरीनं त्यात खडू भरलेत. मी म्हणलं उघडून तरी बघा, तर म्हणाला आम्ही उघडत नाही, फक्त पाठवतो. मग सर्व्हिस सेंटर कशाला म्हणायचं, कुरियर म्हणा की. परत आलो, घरी टॉर्च लावून डबीत बघितलं, तर आत ज्या दोन पितळी टाचण्या असतात चार्जिंगच्या, त्यांच्यावर पिवळा थर. घाम आणि हळदीची पूड मिळून नुसतं लेपण. कापसाची काडी कोरडीच फिरवली, बडच्या खालचे दोन ठिपके पुसले, ठेवला, लाइट लागला. पंधरा दिवस आणि पुणे वाचलं. तेव्हापासून दर रविवारी डबी पुसायची, आणि तोंडाशी जी जाळी असते ती मऊ जुन्या टूथब्रशनं, जाळी खाली धरून, म्हणजे मळ बाहेर पडतो, आत जात नाही. एका बाजूचा आवाज कमी झालाय वाटलं तर दहातल्या नऊ वेळा तो कानातला मळ असतो, लाजू नका, आधी जाळी बघा.

बॅटरीचं थोडक्यात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४० तास. ते डबीसकट, म्हणजे डबीतनं परत परत भरून. एका दमात माझ्याकडं साधारण पावणेपाच तास चालले, आवाज साठ टक्क्यांवर. आता पाच महिन्यांनी सव्वाचार. मला पुरतात. दहा मिनिटं डबीत ठेवले की जायची आख्खी बस निघते, हे खरंच आवडलं.

कनेक्शन घरात दोन खोल्या पलीकडंपण तुटत नाही, पण कृष्णेच्या घाटावर फिरताना, मोकळ्यावर, फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात असला की डावा बड अडखळतो. उलटं वाटतं ना? घरात भिंतींवरून लाटा आदळून फिरून कानापर्यंत येतात, मोकळ्या घाटावर अडवायला भिंतपण नाही आणि परतवायलापण नाही, आणि मध्ये आपलं पाण्यानं भरलेलं शरीर ती लाट शोषून घेतं. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला की संपला विषय.

टच कंट्रोलचा मला वैताग आहे. बड नीट बसवायला हात लावावा तर गाणं थांबतं, दोनदा लागला तर पुढचं गाणं, आणि एकदा भडंग खाता खाता तेलकट बोट लागून शेठचा फोन कट झाला, त्याचं स्पष्टीकरण द्यायला मला भडंगाचा पुडाच पुढं करायला लागला. अॅपमध्ये एक टचचं काम बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी करून टाका. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स४ आहे, म्हणजे शिंतोडे आणि घाम चालतो, धुण्याच्या बादलीत पडलं तर आपलं आपण बघायचं. गेम खेळणाऱ्या भाच्याला दिले होते, तो म्हणाला मामा, गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. गेमिंग मोड चालू केल्यावर म्हणाला, आता जरा बरं. त्यापलीकडं मला त्यातलं कळत नाही.

एक मात्र मी स्वतःवर लादून घेतलंय. पहिल्या महिन्यात बसमध्ये आवाज ऐंशी टक्क्यांवर जायचा आणि रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजायची. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे, ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. तेव्हापासून बसमध्येपण साठच्या वर जात नाही, शिट्टी बंद.

घ्यावेत का? माझ्यासारखं बोललेलं आणि जुनं गाणं ऐकणारा असेल तर बिनधास्त घ्या. दिवसभर फोनवर धंदा करणारा असेल तर अजिबात घेऊ नका. बसच्या इंजिनाला कंटाळला असाल तर अजून पाच-सातशे घालून एएनसीवाले बघा, आणि बघताना ते एक अक्षर. मी परत हेच घेईन का, तर घेईन, पण काळे. हमालमामांनी परवा तेच मॉडेल घेतलं, दुकानदारानं पांढरे पुढं केले तर म्हणाले, "नगं, ती आमच्याकडं वळकू येत न्हाईत, हळकुंडात मिसळत्यात."